अकराव्या पानावरची खिडकी

मंगळवार, ४

एका अन्यायाची नोंद करून ठेवते. झोपेच्या दवाखान्यातून मला एक छापील तक्ता मिळाला आहे. रोज सकाळी उठल्याउठल्या भरायचा. 'झोप कशी झाली?' या प्रश्नापुढे तीन चौकोन: चांगली, बरी, वाईट. शेजारी शेरा लिहायला जागा सोडली आहे ती माझ्या करंगळीच्या नखाएवढी. तीस वर्षं रंगमंचावर बोलून पोट भरलेल्या बाईची अख्खी रात्र या नखावर मावावी, अशी छापखान्याची अपेक्षा दिसते. मी निषेध म्हणून 'वाईट'वर फुली मारली आणि कपाटातून ही वही काढली. तक्ता डॉक्टरीणबाईंचा, वही माझी. हिच्यात कोणी डोकावायचं नाही.

दवाखान्यात जायची वेळ का आली तेही एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. आजवर मी मावशी केली, आत्या केली, शेजारीण तर इतक्यांदा केली की खऱ्या शेजारणी माझ्याकडून चार गोष्टी शिकून गेल्या. दुसऱ्या अंकात मरणारी सासू असली की पहिला निरोप मलाच. आणि आता त्रेपन्नाव्या वर्षी मला एकपात्री नाटक मिळालं आहे. शेहेचाळीस पानं, दीड तास, रंगमंचावर मी आणि एक रिकामं घर. घर विकून टाकलेली बाई शेवटची त्यातून फिरते आणि एकेका खोलीशी बोलते. पहिला प्रयोग तीस तारखेला, रविवारी दुपारी चारला.

हे पाठ व्हावं म्हणून तीन महिने मी मध्यरात्र उलटेपर्यंत जागते आहे. आणि काल तालमीत काय झालं? अकराव्या पानावर एक वाक्य आहे: "खिडकी लावून घे. वारा आत आला की घराला बोलायची सवय लागते." हेच वाक्य तेहेतिसाव्या पानावर पुन्हा येतं. मी अकराव्यावर ते म्हटलं आणि थेट तेहेतिसाव्यावर जाऊन उतरले. मधली बावीस पानं, तीन खोल्या, एक मुलगी आणि एक नवरा, सगळं गिळलं. नाटक पाऊण तासात संपलं. आमचा तिशीतला दिग्दर्शक डोळे मिटून बसला होता. (प्रत्येक वाक्यात 'अवकाश' आणतो, म्हणून मी त्याला मनात तेच नाव ठेवलं आहे.) म्हणाला, "ताई, आज फार आटोपशीर झालं. अवकाश जाणवला."

मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, पण मुलगी राहिली." ही माझी पर्यायी नटी. मी आजारी पडले, मेले किंवा विसरले तर उभी राहणार. "मी तयारच आहे" हे तिचं पालुपद, तेव्हा ती 'तयारच'.

मग अवकाशचे डोळे उघडले. विंगेतून कुजबुजून वाक्यं पुरवणारा माणूस त्याने आधीच काढून टाकला आहे. त्या कुजबुजीने म्हणे शांततेला तडा जातो. आता त्याने तारीखही दिली. वीस तारखेच्या तालमीत पुन्हा असं झालं, तर पहिला प्रयोग तयारच करेल.

बुधवार, ५

काल डॉक्टरीणबाईंनी काय केलं ते राहिलं. पंधरा शब्द वाचून दाखवले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मग म्हणाल्या, "सांगा बघू." मला पाच आठवले. सहावा 'कात्री' म्हटला. तो यादीत नव्हता, त्यांच्या टेबलावर होता.

"तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "दिवसा पाठ केलेलं झोपेत मुरतं. तुम्ही मुरायलाच देत नाही. रात्रभर झाकण उघडून बघत बसता."

रात्रीच्या जेवणानंतर संहितेला हात लावायचा नाही. दहाला दिवा बंद. आमचे चष्मेवाले माझ्याबरोबर आले होते, त्यांनी हे सगळं मान डोलावून ऐकलं, जणू शिक्षा त्यांनाच झाली. (चष्मेवाले म्हणजे माझे यजमान. घराखालीच दुकान आहे. रस्त्यात माणूस भेटला की यांना त्याचं नाव नंतर आठवतं, डाव्या डोळ्याचा नंबर आधी.) बाहेर पडताना त्यांनी संहिता माझ्या पिशवीतून काढून स्वतःच्या काखेत घेतली.

"जप्ती का?" मी विचारलं.

"ठेव समज. सकाळी परत मिळेल," ते म्हणाले.

शुक्रवार, ७

झोपले! सलग! तक्त्यात 'चांगली'चा चौकोन मी असा काळा केला की मागच्या पानावर उमटला.

आणि स्वप्न. त्या नाटकातल्या घरात मी अनवाणी फिरत होते. फरशी कोमट, कोणी नुकतं उठून गेल्यासारखी. भिंती दुधाच्या सायीच्या, बोट लावलं की सुरकुतणाऱ्या. खिडकीपाशी आले, ते वाक्य म्हटलं, आणि पुढे दारच नाही. सगळीकडे सायच साय. मला रडू येऊ लागलं. तेवढ्यात खिडकीबाहेर कोणीतरी घसा खाकरला आणि अगदी हळू म्हणालं, "आत ये. इथे ती झोपायची." बाराव्या पानावरचं पहिलं वाक्य! ते ऐकताच सायीत दार उमटलं, मी ढकललं, आणि आत एक लहानशी खाट, तिच्यावर घडी केलेली पांघरुणं एकावर एक, छतापर्यंत. मी त्यातलं एक ओढलं आणि झोपेत आणखी झोपले.

यजमानांचे डोळे लाल दिसले. काच घासताना भुकटी उडते, म्हणाले.

रविवार, ९

फ्रिज उघडला तर आत लिंबांशेजारी चष्म्याची डबी. "अहो, गिऱ्हाइकांना आता थंडगार देणार का?" म्हटलं. ते हसले, पण जरा उशिरा. विनोद कळायला इतका वेळ पूर्वी फक्त अवकाशला लागायचा.

मंगळवार, ११

दवाखान्यात पंधरापैकी अकरा शब्द! डॉक्टरीणबाई खूश. तालमीत खिडकीपाशी थबकले, पण मुलीच्या खोलीत शिरले. तयारचने "वा, ताई" म्हटलं, दाढ काढल्यानंतर माणूस बोलतो तसं.

श्रेय माझ्या उशीला द्यावं की माझ्या बुद्धीला, ठरत नाही. दोन्ही नव्याने फुगवल्यासारख्या वाटतात.

संहितेच्या समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा सापडल्या. बाराव्या पानावर चार रेघा, एकोणिसाव्यावर दोन, पुढे तारखा. माझ्या नाहीत. अवकाशच्या असाव्यात. तो संहिता चाळून कधी परत ठेवतो, कळतही नाही. अक्षर मात्र चष्म्याच्या चिठ्ठीवर असतं तसं टापटीप.

शुक्रवार, १४

निवृत्त मुख्याध्यापिकाबाई जिना चढून वर आल्या, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. "तुमच्या यजमानांनी मला काय दिलंय हे? मला तुम्ही दोन दिसताय, आणि त्यातली एक मला पसंत नाही." नव्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसली होती, उजवी डावीकडे. एकतीस वर्षांत यांच्या हातून अशी चूक झालेली मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नव्हती. नुसते त्या चष्म्याकडे बघत उभे राहिले.

मी बाईंना खुर्ची दिली, यांची बऱ्यापैकी टर उडवली, सगळे हसलो. संध्याकाळी गॅलरीत कपडे काढताना मला सासरे आठवले, आणि हातातला टॉवेल मी तिथेच धरून राहिले. शेवटी शेवटी ते आरशातल्या माणसाला "या, बसा" म्हणायचे.

रविवार, १६

पुन्हा ते घर. आता त्यातल्या खोल्या मला पायाने ओळखू येतात. मुलीची खोली मऊ, स्वयंपाकघर ओलसर, नवऱ्याच्या खोलीत पावलाचा आवाजच होत नाही. छताला पाणी होतं, उलटं, त्यात माझी सावली पोहत होती. एकोणिसाव्या पानावर अडखळले आणि वाट बघितली. खिडकीबाहेरच्याने पुढचं वाक्य सांगितलं. त्याला सर्दी झाली होती. मधेच शिंकलासुद्धा, आणि "हं, हं, झोप" म्हणाला. हे काही नाटकात नाही. मला राग आला नाही. पदरचं वाक्य घालणाऱ्या नटाला मी एरवी सोडत नाही.

सकाळी बघते तर यजमान नाक पुसत बसलेले. घरात साथ आली की ती स्वप्नातही शिरते वाटतं. त्यांना वाफ घ्यायला लावली. टॉवेलखालीच झोप लागली त्यांना, भांड्यावर. वेळेवर ओढलं.

मंगळवार, १८

हे आज दुकान बंद करून जिन्यात उभे होते. हातात किल्ल्यांचा जुडगा. घराची कोणती, ते आठवेना. मी वरून बघत होते. एक एक किल्ली उचलून बघायचे, खाली सोडायचे. शेवटी दार मी उघडलं.

"आज फार दमलोय गं," एवढंच म्हणाले.

सासऱ्यांचं सुरू झालं ते किल्ल्यांपासूनच.

मी इतकी छान झोपते आहे, आणि माझ्याच शेजारी माझा माणूस थोडा थोडा पुसला जातो आहे. दवाखान्यात फोन करून त्यांच्यासाठी वेळ घेतली. त्यांना सांगितलं, माझ्याबरोबर चला म्हणून.

गुरुवार, २०

तालीम झाली. दीड तास दोन मिनिटं. एक अक्षर गळलं नाही. अवकाशने मिठी मारली, तयारचने फुलं दिली. बहुतेक स्वतःसाठी आणली असावीत.

आनंद व्हायला हवा होता.

शनिवार, २२

डॉक्टरीणबाईंनी यांना पंधरा शब्द वाचून दाखवले. यांना चार आठवले. जो माणूस तेरा वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचा नंबर तोंडपाठ सांगतो, त्याला चार.

"किती तास झोपता?" बाईंनी विचारलं.

"आठ," हे म्हणाले. म्हणताना माझ्याकडे बघितलं.

"लागते लगेच?"

"लागते की."

बाईंनी वाकून यांच्या लाल डोळ्यांत बघितलं. मग म्हणाल्या, "इतक्यात कसलंही नाव द्यायला नको. महिनाभराने सविस्तर तपासू. तोवर नुसतं झोपा." मला वाटलं, त्या मला घाबरवायचं टाळताहेत.

घरी आल्यावर मी अवकाशला चिठ्ठी लिहायला घेतली. पहिल्या प्रयोगानंतर दौरा आहे, चाळीस गावं. मी गावोगाव एका खोट्या घराच्या खोल्या आठवत फिरायचं, आणि यांना खऱ्या घराची किल्ली कोणी दाखवायची? तयारच तयारच आहे. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. पाकिटात घालून उशीच्या अभ्र्यात ठेवलं आहे.

गुरुवार, २७

थोरल्या नणंदबाई आल्या. प्रयोग बघायला म्हणून, पण सामान बघता दौऱ्याचे चाळीसही प्रयोग बघून जातील. आल्याआल्या पडद्यांना नावं ठेवली, माझ्या केसांना ठेवली, भावाकडे बघून म्हणाल्या, "हा असा का वाळला? जेवायला घालतेस ना?" मी चहा टाकायला उठले. त्या माउलीला तिच्या भावाचं काय सांगायचं, आणि कसं! शेजारच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं.

चिठ्ठी उद्या द्यायची.

शुक्रवार, २८

आता हे जसंच्या तसं लिहिते.

सकाळी हे दुकानात गेल्यावर मी नणंदबाईंसमोर बसले. म्हटलं, "वन्सं, तुम्हाला एक सांगायचंय. यांच्याबद्दल."

"मलाही एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तिकीट कशाला काढलंस माझं? रात्री फुकट बघितलं की सगळं."

"काय बघितलं?"

"नाटक. दोघांचं. मी पाणी प्यायला उठले, तर तुमच्या खोलीचं दार किलकिलं. तू डोळे मिटून आडवी, आणि धडाधड बोलतेयस. आणि हा शेजारी उशीला टेकून बसलाय, मांडीवर कागद, हातात ती काचा तपासायची एवढीशी बॅटरी. तू अडलीस की हा हळूच पुढचं सांगतो. तू 'हं' म्हणतेस आणि सुटतेस पुन्हा. म्हटलं, हे काय नवीन? आमच्या वेळी नवरे घोरायचे."

मी वळून आमच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"तुला माहीत नव्हतं?" त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, पहाटेपर्यंत चाललं होतं. मी दोनदा झोपून उठले, हा आपला तसाच."

मी तशीच दुकानात गेले. हे काउंटरवर हनुवटी टेकून बसले होते, समोर कोणाचा तरी चष्मा. मी म्हटलं, "अहो, रात्री काय करता?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग त्या चष्म्याकडे. शाळेत पकडलेल्या मुलासारखे कान लाल.

"तुला झोप लागली होती," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी लागली होती. पहिल्याच रात्री तू त्या खिडकीपाशी अडलीस आणि उठून बसलीस, डोळे मिटलेले, आणि रडायला लागलीस. मी सहज बाराव्या पानावरचं सांगितलं. लगेच आडवी झालीस. मग दुसऱ्या रात्री पण. रोज दोन-चारदा तरी अडतेस. कधी अडशील त्याचा नेम नाही, म्हणून मी आपला बसतो."

"मला उठवायचं नाही? सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर झोपली असतीस?"

"आणि दवाखान्यात आठ तास म्हणालात!"

"तू शेजारी होतीस ना."

मी खूप ओरडले. किल्ल्यांबद्दल ओरडले, चार शब्दांबद्दल, सासऱ्यांबद्दल. एक गिऱ्हाईक आत येऊन तसंच बाहेर गेलं. हे ऐकत होते आणि मधेच म्हणाले, "बाबांचं मला नाही होणार गं. मला नुसती झोप आलीय." आणि मला एकदम असं हसू फुटलं की ते थांबवायला स्टुलावर बसावं लागलं. हसूच होतं ते, बहुतेक.

अभ्र्यातलं पाकीट काढून फाडलं.

शनिवार, २९

काल रात्री नणंदबाई माझ्या खोलीत, हे बाहेर दिवाणावर. नणंदबाईंना बजावलं होतं, मी उठून बसले तरी काही सांगायचं नाही. "सांगते कसली," त्या म्हणाल्या, "मला तुझे ते कागद दिसतसुद्धा नाहीत."

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी एकदा बसले. थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून होते. मग आपणहून आडवी झाले. त्यांनी फक्त पांघरूण ओढलं. पण सकाळी दार उघडलं तर हे दिवाणावर बसलेलेच. सवय झाली म्हणाले, कान तुझ्याकडेच लागतात. दुपारी झोपा म्हटलं तर एका चष्म्याची घाई होती, आणि संध्याकाळी माझ्या साडीची इस्त्री स्वतःच करत बसले.

उद्या खिडकीपाशी मी एकटी. आज संहिता उघडली नाही. भीती वाटते. लिहून ठेवते: भीती वाटते.

रविवार, ३०

नाट्यगृहात बसून लिहिते आहे. प्रयोग संपून बराच वेळ झाला.

अकरावं पान आलं. मी खिडकीपाशी गेले, वाक्य म्हटलं. आणि काहीच नाही. समोर अंधारात चारशे माणसं, कुठे खाकरणं नाही, कुजबुज नाही. तेहेतिसावं पान जिभेच्या टोकाशी येऊन बसलेलं. मी वाक्य शोधलं नाही. पाय जिकडे गेला तिकडे गेले. फरशी मऊ लागली. मग माझाच आवाज मला ऐकू आला, "आत ये. इथे ती झोपायची."

तिथून पुढे काय बोलत गेले मला सांगता येणार नाही. खोल्या एकामागून एक येत होत्या, मी त्यांच्यातून जात होते, छताला पाणी होतं.

विसाव्या पानाच्या सुमारास मी पहिल्यांदा प्रेक्षकांत नीट बघितलं. तिसरी रांग, कडेची खुर्ची. नणंदबाई ताठ, डोळे वटारून. शेजारी आमचे चष्मेवाले. मान एका बाजूला, तोंड उघडं, हात मांडीवर सुटलेले. गाढ. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या नाटकात, पुढून तिसऱ्या रांगेत.

एरवी असा प्रेक्षक दिसला की मी त्याच्याकडे तोंड करून एक वाक्य असं फेकते की तो खुर्चीतून उडतो. आज मी आवाज उतरवला. आधी थोडा, मग आणखी. लोक पुढे झुकले. नवऱ्याच्या खोलीतली आठ पानं मी कानाशी बोलावी तशी बोलले. चाळिसाव्या पानावर किंकाळी आहे. अवकाशने तिच्यावर चार दिवस घालवले आहेत, म्हणतो नाटकाचा सगळा अवकाश तिथे फुटतो. मी त्या जागी तोंड उघडलं, तिसऱ्या रांगेत बघितलं, आणि मिटलं. नुसती उभी राहिले. मग उरलेली सहा पानं तशीच हळू बोलले आणि घरातला दिवा मालवला.

टाळ्या पडल्या तरी ते उठले नाहीत.

विंगेत अवकाश रडत होता. "ताई, ती न मारलेली किंकाळी! मला नेमकं हेच हवं होतं!" तयारच म्हणाली, "मी घाबरलेच, वाटलं तुम्ही विसरलात," आणि खरोखरच माझा हात हातात घेतला. नणंदबाई येऊन म्हणाल्या, "मेल्याला चिमटा काढणार होते, पण म्हटलं राहू दे." मी त्यांना तयारचबरोबर घरी पाठवलं.

मी साडी न बदलता इथे येऊन यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आहे. सगळे दिवे गेलेत, वर एकच ठेवला आहे, झाडू मारणाऱ्या बाईंसाठी. त्या मागून एकेक रांग झाडत आल्या आणि आमच्यापाशी थांबल्या.

"बाई, बंद करायचंय."

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

"मघाशीपण पाचच म्हणालात."

"झोपलेत हो."

त्यांनी यांच्याकडे वाकून बघितलं, झाडू काखेत घेतला आणि चपला काढून हातात धरून बाहेर गेल्या.

यांचे ओठ हलताहेत. काहीतरी पुटपुटतात, एक नंबर, मग कोणाचं तरी नाव, मग पुन्हा नंबर. मधेच अडले. कपाळाला आठी पडली. मला चष्म्यातलं काही कळत नाही, पण मी त्यांच्या कानाशी जाऊन हळू म्हटलं, "हं, हं. बरोबर आहे." आठी गेली.

आता डोकं घसरत घसरत माझ्या खांद्यावर आलं आहे. उजव्या. हात हलवला की हलतं, तेव्हा इथेच थां